खुराक वाढवताना कोठीपोटाने दाखवलेला इंगा: माझा अनुभव

गाय व्याली, आता खुराक, म्हणजे धान्य-पेंड, वाढवायचा. ऐकायला हे पाटीत दोन किलो जास्त ओतण्याइतकं सोपं वाटतं. अडतं ते कोठीपोटात, म्हणजे गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात, आणि तिथे कुणाचीही घाई चालत नाही. रोज दुधाचं माप बघायचं आणि खुराकाला हात लावायचा नाही, याचा मला अजूनही वैताग येतो.

जाळीपोट, पडदेपोट, चौथं खरं पोट आणि मग चाळीसेक मीटरचं लहान आतडं, यांचं काम बिनबोभाट चालतं. कोठीपोट मात्र 100 लिटरहून मोठी आंबवण्याची टाकी आहे. वैरणीतला तंतू गाय पचवतच नाही, आतले जिवाणू पचवतात. त्यातून तयार होणारी आम्लं भिंतीवरच्या बोटांसारख्या अंकुरांतून थेट रक्तात जातात. गाईची साधारण 70 टक्के ऊर्जा हीच.

नुसत्या वाळल्या वैरणीवर हे अंकुर आखूड राहतात. खुराक सुरू झाल्यावर ते पुरेसे लांब व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात, जिवाणूंची घडी बसायला 2 ते 3. त्याआधी एकदम धान्य पडलं की आम्ल तयार होतं भराभर, शोषलं जातं हळू. त्यात लॅक्टिक आम्ल साठलं तर संपलंच, कारण ते नेहमीच्या आम्लांपेक्षा दहापट तीव्र. कोठीपोटाचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 च्या दरम्यान हवा. तो 5.5 च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, रवंथ कमी होतो, दुधाची फॅट पडते. पुढे खुरं दुखायला लागतात, तेव्हा खुराकाची आठवण कुणालाच राहत नाही.

म्हणून दर 2-3 दिवसांनी अर्धाच किलो वाढवा. एका वेळी दोन किलोंच्या वर नको, दिवसाचे तीन-चार भाग करा.

वैरण पिठासारखी बारीक कुटू नका. चावायला काही उरलं नाही तर लाळ कमी सुटते, आणि आम्ल मारणारा सोडा त्या लाळेतच असतो. दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ गिळते गाय! पाटीत टाकलेला मूठभर सोडा त्याची बरोबरी काय करणार?

रवंथ मोजायची सवय लावा. एका घासाला 50 ते 60 वेळा चावायला हवं. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोन वेळा कोठीपोटाची लाट हाताला लागते.

हो, राहिलंच: आधी वैरण, मग खुराक. उपाशी पोटी खुराक कधीच नाही.

शेण पातळ, फेसाळ आणि त्यात अख्खे दाणे दिसले, तर त्याच दिवशी एक पायरी मागे या. गाईने खाणं सोडलं, भकाळीतली लाट थांबली, तर सोड्यावर वेळ न घालवता पशुवैद्यांना बोलवा.