छत्र्या मिटा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला गॅदरिंग नाही, सहल नाही, डायरेक्ट पुण्यातल्या सातारा रोडचा तो फुटपाथ आठवला.

१९९९चा पावसाळा, कारगिल चालू होतं, मी नुकताच नववीत गेलेलो. सातारकडच्या एका जवानाचं पार्थिव विमानाने लोहगावला येणार आणि स्वारगेटवरून कात्रजकडे जाताना ट्रक आपल्या शाळेसमोरून जाणार हे आपल्या इतिहासाच्या बाईंना कुठूनतरी कळलं (२००१च्या बॅचला त्यांचं नाव सांगायची गरजच नाही). त्यांनी हेडसरांची परमिशन काढली आणि नववी-दहावीच्या सगळ्या तुकड्या रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या. ट्रक यायला दोन-अडीच तास लागले, पाऊस थांबत नव्हता, पाय दुखायला लागले तसं कोणीतरी विचारलं, बाई, ते आपले कोण लागतात? बाई काहीच बोलल्या नाहीत. ट्रक वळणावर दिसला तशी चहावाल्याने स्टोव्हची हवा सोडली, समोरच्या पंक्चरवाल्याने शटर खाली ओढलं, पीएमटीची बस थांबली आणि आतली माणसं उतरून उभी राहिली. बाई एवढंच म्हणाल्या, "छत्र्या मिटा." भिजून जड झालेली झेंडूची माळ तिरंग्यावरून घसरत होती आणि शेजारी बसलेल्या जवानाने तिचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. ती मूठ मला आजही दिसते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांचा मोठा भाऊ ७१च्या लढाईत गेला होता. तेव्हा बहुतेक जवानांवर तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे, घरी आधी तार आली आणि मग कधीतरी त्याची काळी ट्रंक. कारगिलच्या वेळी पार्थिव थेट गावी यायला लागली. "माझ्या आईला शेवटचं बघायलाही मिळालं नाही रे," एवढं बोलून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

२००९मध्ये कंपनीने मला इंग्लंडमध्ये स्विंडनला पाठवलं. जवळच वूटन बॅसेट नावाचं छोटंसं गाव आहे, इराक-अफगाणिस्तानातून शवपेट्या लायनमच्या हवाई तळावर उतरायच्या आणि ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलला जाताना गाड्या या गावातून जायच्या. २००७मध्ये सुरुवातीला काही माजी सैनिक आपणहून सॅल्यूट करायला उभे राहिले, मग दुकानदार, मग अख्खं गाव, २०११पर्यंत ३४५ जणांना त्यांनी असा निरोप दिला. मी गेलो त्या दिवशी पाऊस होता. चर्चची घंटा वाजत होती, गाडीच्या पुढे काळा कोट घातलेला एक माणूस सावकाश चालत होता, वॉर मेमोरियलपाशी निशाणं झुकली आणि कोणी अक्षरही बोललं नाही. आपल्याकडे 'अमर रहे'ने रस्ता दणाणतो आणि मला ते पण तितकंच पटतं, काही रडणं घोषणेशिवाय बाहेर येत नाही. माझी छत्री कधी मिटली मलाच कळलं नाही.

रात्र उलटायची वाट बघून बाईंना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, "त्या मुलाची आई आली होती का रे?"

म्हटलं, हो बाई, गाडीच्या काचेवर हात ठेवून उभी होती.

"बरं झालं," म्हणाल्या.