एक दिवस खाडा पडला तर?

"रोज व्यायामाची स्ट्रीक चालू होती, मध्येच एक दिवस खाडा पडला. आता पुन्हा एकपासून मोजायचं का?" हा प्रश्न मला सतत येतो. (स्ट्रीक म्हणजे एकही दिवस न चुकवता सलग पाळलेला नेम.) तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर: नाही. पण म्हणून स्ट्रीक सोडून द्या असं मी कधीच म्हणणार नाही, माझा तिच्यावर जीव आहे. चालण्याचा फायदा अंगी लागायला महिने जातात. नेम पाळल्याची फुली मात्र कॅलेंडरवर आज रात्रीच मारता येते. शिवाय 'आज जाऊ का नको' हा वाद रोज स्वतःशी घालावा लागत नाही. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, असं डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. फुल्यांची ओळ मोडू नये म्हणून आपण पायात बूट चढवतो, ते त्यामुळेच.

आणि त्यामुळेच ओळ मोडली की माणूस पार खचतो. 'गेलंच आता सगळं' म्हणून पुढचा आठवडाही सोडून देतो. जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांना डाएट करणाऱ्यांमध्ये हेच दिसलं होतं: पथ्य मोडलं असं एकदा वाटलं की हात आखडता घेण्याऐवजी माणसं जास्तच खातात. नुकसान त्या एका खाड्याने होत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या या निराशेने होतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा '२१ दिवसांत सवय लागते' हा हिशेब मनातून काढून टाका. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणात आहे. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं.

मग नेम कसा ठरवायचा? ब्रिटनचे मॅरेथॉनपटू रॉन हिल १९६४ च्या डिसेंबरपासून २०१७ च्या जानेवारीपर्यंत रोज धावले, ५२ वर्षांहून जास्त. त्यांची अट होती दिवसाला किमान एक मैल. एवढ्या मोठ्या धावपटूने इतकी छोटी अट घातली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनही त्यांनी नेम पाळला, ते मात्र मी कुणालाही करू देणार नाही. ताप, दुखापत, घरातलं आजारपण यांची सूट पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी अपराधी वाटणार नाही. बाकीच्या दिवसांसाठी किमान अट इतकी लहान ठेवा की थकून आल्यावरही ती झेपेल. माझी दहा मिनिटं चालण्याची आहे.

मोजायचं ते आपल्या हातातलं. वजनाची किंवा गाढ झोपेची स्ट्रीक ठेवू नका. ठरलेल्या वेळी दिवा मालवण्याची ठेवा.

आणि खाडा पडलाच, तर ती चौकट रिकामी सोडून दुसऱ्या दिवशी पुढची फुली मारा. मी महिनाअखेरीला फुल्या किती झाल्या ते मोजते, सलग किती हे बघत नाही. दोन दिवस लागोपाठ चुकू नयेत एवढंच जपते.

ज्यांनी वजनं उचलण्याबद्दल विचारलं, त्यांच्यासाठी रोजची स्ट्रीक नकोच. स्नायूंना मध्ये विश्रांती लागते. आठवड्यातून तीनदा अशी अट घाला आणि आठवडे मोजा. कुठले तीन दिवस, ते ज्या त्या आठवड्यात ठरवा.