चार एल्बो आणि आजीचा बंब

ग्वाल्हेरची जानेवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. पारा 3-4 वर येतो, कोहरा (दाट धुकं) दुपारपर्यंत हटत नाही आणि लष्कर या जुन्या भागातली आमची घरं दगडी पटियांच्या छताची, त्यामुळे आत बाहेरपेक्षा जास्त गार. अशात मेहुण्याची शिमल्याहून बदली झाली आणि त्याने तिथली लोखंडी लाकडाची शेगडी आमच्याकडे रवाना केली. तिकडे तिला तंदूर म्हणतात. "तंदूर पाठवतोय" ऐकून आईने दोन दिवस रोट्यांची तयारी केली होती, तो वेगळा विषय.

शेगडी आली पण पाईप नव्हते. दगडी पटियांना भोक पाडणं म्हणजे छताशी वैर, म्हणून ठरलं की पाईप रोशनदानातून (छताजवळच्या झरोक्यातून) बाहेर काढायचा. त्याची लाकडी चौकट काढून पत्रा बसवला, तापलेल्या पाईपजवळ लाकूड नकोच. लोहिया बाजारातून पत्रेवाला आणला. त्याने शेगडीवर फूटभर पाईप, लगेच एल्बो म्हणजे काटकोनात वळणारा जोड, मग सहा फूट आडवा पाईप, बाहेर पुन्हा एल्बो, छज्जा चुकवायला अजून दोन, असं करत करत गटाराच्या लाईनीसारखं काहीतरी बनवलं. दिसायला झकास. पेटवली आणि पाच मिनिटांत धुरामुळे सगळं घर गल्लीत.

आई म्हणाली, याला ओढच नाही. बरोबर होतं तिचं. गरम हवा हलकी, ती वर जाते, आणि खालून शेगडीत ताजी हवा ओढून घेते, एवढाच खेळ आहे. पण प्रत्येक काटकोनी वळणावर धूर अडखळतो, आणि आडव्या पाईपमधे तर चढायला जागाच नाही, तो नुसता रेंगाळतो, गार होतो, आणि गार झाला की सगळाच खेळ बसतो. आजीच्या तांब्याच्या बंबाला मधे सरळसोट नळा होता, पेटताना दोन मिनिटं डोळे चोळायला लावायचा आणि मग घूं घूं करत असा ओढायचा की न्हाणीघरात बोललेलं ऐकू यायचं नाही. त्याला कोणी एल्बो लावला नव्हता ना!

मग सगळं उलगडलं. शेगडी भिंतीजवळ सरकवली (चिकटवून नाही), पाईप आधी सरळ जितका वर जाईल तितका नेला, आणि काटकोनाच्या जागी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड. आडवा पाईप छज्जा ओलांडण्यापुरता तीन फूट, तोही फुटामागे पाव इंच तरी चढता. बाहेर एल्बोऐवजी टी (इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा जोड) लावली, खाली झाकण, म्हणजे काजळी काढता येते.

खरं भांडण झालं ते जोडावरून. पत्रेवाल्याने वरचा पाईप खालच्याच्या बाहेरून चढवलेला, जसं वरचं कौल खालच्या कौलावर चढवतात. मी म्हटलं उलटा करा, वरच्याचं तोंड खालच्याच्या आत. तो म्हणे, "साहब, ऐसे कौन लगाता है, पानी अंदर जाएगा." जाऊच दे की! ओल्या लाकडाच्या धुरातून डांबरासारखं काळं पाणी सुटतं, ते आतल्या आत खाली उतरून शेगडीत जळून गेलेलं बरं, नाहीतर जोडातून ओघळून भिंतीवर. त्याला पटलं नाही, पण पहिल्या आठवड्यात भिंतीवर उतरलेला तो ओघळ दाखवला तेव्हा गप्प झाला. धुराचं गणित पावसाच्या बरोबर उलट आहे हे मलाही तेव्हाच कळलं, मी उगाच हुशारी मारतोय.

गच्चीवर पाईप तीन फूट काढला होता, तरी वारा सुटला की धूर परत आत. कारण शेजारीच पाण्याची काळी टाकी. दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या वर दोन फूट पाईप हवा, नाहीतर वारा त्या वस्तूवर आपटून पाईपमधे घुसतो. अजून एक तुकडा चढवला. आता लांबून बघितलं तर आमच्या घरी छोटी फॅक्टरी आहे असं वाटतं.

सकाळी कोहऱ्यात बाहेरचा पाईप थंडगार असतो, आतली जड हवा हलायलाच तयार नसते. तेव्हा टीचं झाकण काढून पेपरचा पेटता बोळा आत सरकवायचा, भक् करून ओढ लागली की झाकण बंद, मग बाभळीची सुकी ढलपी. खिडकी बोटभर उघडी. त्यात तडजोड नाही, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या इकडे दर थंडीत येतात.

आई आता शेगडीवर पातेलं ठेवून अंघोळीचं पाणी तापवते आणि म्हणते, बंबाचे एवढे लाड कोणी केले नव्हते. जुने चारही एल्बो माळ्यावर पडलेत. भिंतीवरचा ओघळ मात्र चुन्याच्या दोन हातांनीही गेला नाही, त्यावर सध्या कालनिर्णय टांगलंय.