दोन्ही पाय जमिनीवर

शाळेच्या कार्यालयाबाहेर करंडकांचं जे कपाट आहे, त्यात आमच्या फुटबॉल संघाचं काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत फुटबॉलवर लिहायला खरं तर पुढच्या तुकड्यांपैकी कुणीतरी हवं होतं. त्यांनी करंडक आणले, आम्ही तिसरे आलो. पण काम माझ्याकडे आलंय, तेव्हा मी त्या तिसऱ्या क्रमांकाबद्दलच लिहिणार.

मी नववीत असताना आपला संघ साखळीत तळाला होता. एक सामना तर आम्ही ०-७ हरलो. सातवा गोल झाल्यावर आमचा गोली खांबाला टेकून बसला तो उठेचना, जाळीतला चेंडू मी जाऊन काढला. मी लेफ्ट बॅक, डावीकडचा बचावपटू. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात चेंडू जिकडे तिकडे आम्ही दहाच्या दहा जण, आणि उरलेलं मैदान समोरच्यांना मोकळं. त्या अख्ख्या वर्षात एक सामना बरोबरीत सुटला, तोही समोरच्यांनी पेनल्टी बाहेर मारली म्हणून. त्या बरोबरीवर आम्ही मैदानभर नाचलो होतो.

दहावीच्या वर्षी संघ नव्या सरांकडे आला. सर भूगोलाचे. त्यांना फुटबॉल खेळता येत नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण त्यांनी चेंडूला बुटाच्या टोकाने लाथ मारली आणि तो भलतीकडेच गेला. मग त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. "सतराच नियम आहेत. तुमच्या भूमितीत याहून जास्त प्रमेयं असतील. पाठ का नाहीत?"

खरंच पाठ नव्हते. "थ्रो-इनवर ऑफसाइड असतो का?" या प्रश्नाला निम्म्या संघाने "हो" म्हणून हात वर केले. थ्रो-इन म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणं, आणि ऑफसाइड म्हणजे आपला चेंडू येताना समोरच्यांच्या बचावफळीमागे, गोलजवळ आधीच उभं असणं. थ्रो-इनवर तो नसतो. १९२० पासून नाही. सरांनी हे वाक्य तीनदा वाचलं, मग आमच्या राखीव खेळाडूंकडे बघितलं. त्यांत एक दांडगा मुलगा होता, दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. त्याच्या पायात काही नव्हतं, पण हातात होतं. बाजूच्या रेषेवरून फेकलेला चेंडू तो थेट गोलच्या तोंडाशी नेऊन टाकायचा. अडचण एकच. जोर लावताना त्याचा मागचा पाय उचलला जायचा आणि रेफरी शिट्टी फुंकायचा. दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला हवा. सरांनी त्याच्यापुरती चुन्याची एक वेगळी रेघ आखून घेतली. रोज संध्याकाळी तो फेकायचा आणि सर मैदानात उकिडवे बसून त्याच्या टाचा बघायचे. आम्ही हसायचो.

हसण्यासारखं आणखीही होतं. आम्हा चार बॅकना सरांनी कमरेला एकच दोरी बांधली. एक जण चेंडूमागे धावला की बाकीचे तिघे ओढले जायचे. पहिल्या आठवड्यात कितीतरी वेळा तोंडावर आपटलो. महिन्याभराने दोरी सोडली तरी आम्ही चौघे एका ओळीत सरकायला लागलो होतो. माझ्या मते आमचा संघ तिथे सुधारला. लोकांच्या लक्षात मात्र थ्रो-इनच राहिले.

तेही साहजिक आहे. आमचा सेंटर फॉरवर्ड सगळ्या बचावपटूंच्या मागे, गोलीच्या नाकासमोर निवांत उभा. चेंडू येतो, तो डोकं लावतो, आणि समोरचे ऑफसाइड मागत हात वर करून उभेच! एकदा जोशात फेकलेला चेंडू कुणालाच न लागता जाळीत गेला. आम्ही मिठ्या मारून मोकळे झालो आणि रेफरीने गोल किक दिली. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही, हेही त्या पुस्तकात होतं.

आमच्या साखळीत त्या वर्षीपासून विजयाला ३ गुण मिळू लागले होते, १९९४ च्या विश्वचषकात होते तसे. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला : सहा बरोबऱ्या म्हणजे ६ गुण, दोन विजय आणि चार पराभव म्हणजेही ६. बरोबरीसाठी जीव काढणं आम्ही त्या दिवशी सोडलं. पहिला सामना १-० जिंकलो, दुसरा हरलो, मग जिंकतच गेलो. त्या सामन्यांचं वर्णन करत नाही, सगळे साधारण सारखेच होते.

शेवटचा सामना जिंकलो असतो तर अंतिम फेरी होती. १-० ने पुढे होतो, थोडीच मिनिटं उरली होती. दोघे अंगावर आले आणि मी घाबरून चेंडू पायाने मागे, गोलीकडे ढकलला. त्याने तो सवयीने हातात घेतला. मागे दिलेला असा चेंडू गोलीने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ चा. मीच तो वर्गात खडखडीत म्हणून दाखवला होता. गोलपासून सहा-सात पावलांवर अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे मारलेला चेंडू आधी दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. आम्ही सगळे ७.३२ मीटरच्या त्या गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. त्यांच्या एकाने चेंडू हलकेच सरकवला, दुसऱ्याने मारला. तो माझ्या गुडघ्याला लागून आत गेला.

१-१. सामना संपल्यावर कुणी कुणाशी बोलेना. गोली बुटांच्या नाड्या सोडत राहिला, सुटल्या तरी. सर आले, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी बरोबरी झाली तेव्हा नाचला होतात म्हणे."

कुणी मान वर केली नाही. सर माझ्याशेजारी तसेच उकिडवे बसले.

"कितवा नियम होता रे?"

"बारावा, सर."

"बरोबर," म्हणाले, आणि चेंडू गोळा करायला निघून गेले.