दोन ते सहा दरबार

मुलं शाळेत जात नाहीत हे कळल्यावर लोकांचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, दहावीचाही नसतो. ते नंतर येतात आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात: चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं, वगैरे. पहिला प्रश्न असतो, "मग दिवसभर करता काय?" विचारणारी बहुधा बाई असते आणि तिला मुलांपेक्षा माझी काळजी जास्त वाटत असते. सकाळी सात ते दुपारी दोन ही शाळेने आयांना दिलेली सुटी मी आपण होऊन परत केली, हे काही तिच्या पचनी पडत नाही. पावसाळ्यात, मुलं चार-चार दिवस घरात असली की, माझ्याही पडत नाही.

तर दिवसभर करतो काय, याचं उत्तर द्यायला वेळापत्रक हवं. मला दुसऱ्यांची वेळापत्रकं वाचायची जुनी खोड आहे. बेंजामिन फ्रँकलिनचं प्रसिद्धच आहे. पहाटे पाचला उठायचं, आज आपल्या हातून कोणतं भलं काम होणार असं स्वतःला विचारायचं, आठ ते बारा काम, बारा ते दोन वाचन, हिशेब आणि जेवण. संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, हेसुद्धा त्यानं लिहून ठेवलंय. टापटीप आपल्याला सगळ्यात अवघड गेली, अशी कबुलीही पुढे दिलीय, म्हणून माणूस मला आवडतो. पण त्या तक्त्यात जेवण आहे, स्वयंपाक नाही. थोरामोठ्यांच्या बहुतेक दिनक्रमांचं हेच आहे. ताट समोर येतं. कुठून येतं ते तक्त्यात नसतं.

मग अहिल्याबाई होळकर सापडल्या. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा जिकडेतिकडे भाषणं चालू होती. घाट, मंदिरं, धर्मशाळा, काशी आणि सोमनाथ. मला त्या सगळ्यापेक्षा त्यांचा एक साधा दिवस हवा होता, आणि तो लिहून ठेवलाय ईस्ट इंडिया कंपनीच्या एका स्कॉटिश अधिकाऱ्यानं. जॉन माल्कम माळव्यात आला तेव्हा अहिल्याबाईंना जाऊन वीसेक वर्षं झाली होती. त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं माहिती जमवली आणि १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या पुस्तकात घातली.

तो दिवस असा. उजाडायच्या तासभर आधी उठून पूजाअर्चा. मग ठरलेला वेळ पोथीपुराण ऐकणं. मग दानधर्म, ब्राह्मणभोजन, आणि त्यानंतर स्वतःचं शाकाहारी जेवण. पुन्हा थोडी प्रार्थना, थोडी विश्रांती. दोनच्या सुमाराला दरबार, तो सहापर्यंत. संध्याकाळी दोन-तीन तास पूजा आणि हलका आहार. नऊला पुन्हा कारभार सुरू, अकरापर्यंत. मग झोप. व्रतं, सणवार आणि राज्यावर आलेला एखादा प्रसंग सोडला तर यात फारसा बदल नसे, असंही माल्कम सांगतो.

ताट इथंही समोर येतंच. पण हा दिवस मी पुन्हा पुन्हा वाचला तो दुसऱ्याच कारणासाठी. १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवणारी ही बाई दुपारी दोनपर्यंत कुणाला भेटत नव्हती! म्हणजे देवाला, पुराणिकाला, याचकांना भेटत होती. पण कज्जे, तक्रारी, वसुली आणि परराज्यांच्या वकिलांचे खलिते घेऊन येणाऱ्यांना दोनचा वायदा. दोननंतर मात्र गाऱ्हाणं जातीनं ऐकायचं. माझ्याकडे नेमकं हेच नव्हतं. घरी शिकवणारी आई ही चोवीस तास उघडी कचेरी असते. मी आंघोळीला गेले तरी दाराच्या फटीतून प्रश्न येतो, "आई, सहा नवे चोपन्न की छप्पन?"

तेव्हा ठरलं. हा दिवस आमच्या घरात लावून बघायचा.

उजाडायच्या तासभर आधी उठणं मी पहिल्यांदाच वजा केलं. अकराला झोपून साडेचार-पाचला उठायचं, तर दुपारी विश्रांती लागणारच. विश्रांती मात्र अख्ख्या घराने एकमताने मंजूर केली. वामकुक्षीला पुण्यात ऐतिहासिक पुरावा लागत नाही; तरी असला तर बरंच.

खरा बदल झाला तो श्रवणाच्या वेळेत. आधी मी वाचायचे आणि मुलं ऐकायची, म्हणजे निदान तशी समजूत होती. थोरलीच्या लक्षात आलं की माल्कमच्या यादीत बाई ऐकतात, वाचणारा वेगळा असतो. "मग तू कशाला वाचतेस? तू ऐक." आता सकाळी नाश्त्यानंतर ती आणि धाकटा आळीपाळीने वाचतात, आणि मी मेथी निवडत, नाहीतर शेंगा सोलत ऐकते. मुलाचं मोठ्यानं वाचन ऐकताना काय काय कळतं! जोडाक्षर आलं की धाकट्याचा आवाज खाली जातो. पूर्णविरामाशी त्याचं वैर आहे. थोरली कंटाळवाणा परिच्छेद बेमालूम गाळते. तो गाळला हे मला कळलंय हे तिला कळतं आणि आम्ही दोघी गप्प बसतो. सासूबाई सुरुवातीला देवघरातून ऐकायच्या, आता खुर्ची घेऊन येतात. उच्चार चुकला की त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघतो. कुठल्याही लाल शेऱ्याचं काम तो चोख करतो.

दानधर्माच्या वेळेवर बरीच चर्चा झाली. अहिल्याबाईंची माणसं उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायची, शेतात नांगराचे बैल थांबवून त्यांनाही पाजायची, आणि पाखरांसाठी म्हणून उभी पिकं विकत घेऊन राखली जायची, हे मुलांना फार आवडलं. बैल आमच्या सोसायटीत नाहीत. गॅलरीत परळात पाणी आणि मूठभर ज्वारी, एवढ्यावर भागवलंय. पारवे येतात, चिमण्यांना हाकलतात. यावर धाकट्याचं म्हणणं असं की पारव्यांविरुद्ध दरबारात अर्ज करता येईल का.

अभ्यासाचे तास पाडताना घड्याळाची अडचण आली. 'दोन वाजता' हे माल्कमचं. त्याला सांगणाऱ्यांनी ते प्रहर-घटकांतच सांगितलं असणार. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. अहोरात्रीच्या साठ घटका, म्हणून घटका चोवीस मिनिटांची. तिची साठ पळं, म्हणून पळ चोवीस सेकंदांचं. हे गणित मुलांनी स्वतःच सोडवलं आणि मग घटिकापात्र करायचंच असं ठरलं. जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घंगाळात सोडायचे ते: बुडाला बारीक भोक असलेली वाटी, पाणी आत झिरपत जातं आणि घटका भरली की वाटी बुडते. भोक किती बारीक असावं यावर दोन दिवस गेले. सुई, मेण, भोक बुजवणं, पुन्हा पाडणं. बादलीभोवती दोघं पालथी. विज्ञान म्हणून मी वेगळं काही शिकवलं नाही. आता वाटी बुडेपर्यंत एक विषय. चोवीस मिनिटं ही मुलाच्या डोक्याला अगदी बेताची आहेत, असं माझं ठाम मत झालंय. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका कुणी ठरवली माहीत नाही, पण त्यानं आठ वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसलेलं नीट पाहिलं नसावं.

आणि मग दोन वाजतात.

दरबार जेवणाच्या टेबलावर भरतो. नियम एकच: दोनच्या आधी कुठलीही फिर्याद ऐकली जाणार नाही. अपवाद रक्त, आग आणि गॅसचा वास. राज्यावरचा प्रसंग म्हणतात तो हा. पहिल्या आठवड्यात मुलं दोन वाजायची वाट बघत टेबलाशी उभी असायची, हातात तक्रारींच्या याद्या. कंपास कुणी घेतला. खिडकीजवळची जागा कुणाची. मी अमुक म्हटलंच नव्हतं. पण सकाळी दहाची तक्रार दोनपर्यंत टिकवणं हे काम सोपं नसतं. मधे जेवण होतं, झोप होते. पुष्कळशा फिर्यादी वाटेतच विरून जातात. जी टिकते ती खरी असते, आणि तिच्याकडे खरंच लक्ष द्यावं लागतं.

शंकाही दरबारातच. दिवसा चंद्र का दिसतो, अपूर्णांकाने भागताना उलटा का करायचा, आजोबांचं गाव धरणात गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं. पूर्वी या प्रश्नांना मी भाजी परतता परतता अर्धी उत्तरं द्यायचे. आता फोन आतल्या खोलीत, चार तास मी टेबलाशी, आणि विचारेल त्याच्यासमोर पुरती हजर. सकाळचा वेळ आपला ठेवला तर दुपारचा वेळ दुसऱ्याला अखंड देता येतो, हा अहिल्याबाईंचा हिशेब मला इतका पटलाय की मी तो ऐकून घेईल त्याला सांगत सुटते.

होळकरांच्या काळात कागदपत्रं मोडी लिपीत असायची. हे कळल्यावर थोरली मोडीच्या मागे लागली. हौस इतिहासाची नव्हे. भावाला वाचता न येणारी लिपी तिला हवी होती. आता तिचे अर्ज मोडीत येतात. अडचण अशी की मलाही ते धड वाचता येत नाहीत, त्यामुळे फिर्यादीनेच अर्ज वाचून दाखवायचा असतो, आणि कागदावर जेवढं आहे तेवढंच ती वाचते याची खात्री कुणालाच नाही.

मुलांना सगळ्यात जास्त आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. चौंडीला अहिल्याबाईंच्या वडिलांनी, माणकोजी शिंद्यांनी, आपल्या लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. "म्हणजे ती पण होमस्कूल!" त्यांचा हिरमोड करायचं जिवावर आलं, तरी सांगितलं. सोडायला शाळाच नव्हती रे. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली ती १८४८ साली, अहिल्याबाई गेल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. शाळा नको म्हणायची चैन मला परवडते, कारण कुणीतरी शेणगोळे झेलत ती उभी केली. भिडेवाडा होता त्या जागेवरून जाताना मला नेहमी थोडं अवघडायला होतं. मुलांना घरी शिकवण्याचा निर्णय मी बदलणार नाही. पण तो फार शूर निर्णय आहे असं कुणी म्हटलं की मी विषय बदलते.

महेश्वरला, अहिल्याबाईंच्या राजधानीला, आम्ही मुद्दाम जाऊन आलो. राजवाडा बघायला निघावं आणि एखाद्या मोठ्या पाटलाच्या वाड्यात पोचावं तसं झालं. लाकडी खांब, पांढरीशुभ्र गादी, खाली घाट आणि नर्मदा. त्यांच्या वेळेपासूनचं लिंगार्चन तिथं अजून रोज सकाळी होतं: मातीची इवली इवली शिवलिंगं करायची, पुजायची आणि नर्मदेत सोडायची. म्हणजे त्या दिनक्रमातला एक तुकडा बाईंशिवाय चालूच आहे.

गादीसमोर उभी असताना थोरलीने विचारलं, "आणि मुलांचा वेळ कुठला होता?" मी मनातल्या मनात माल्कमची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नव्हता. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली गेला, सासरे १७६६ साली, आणि पुढच्याच वर्षी मालेराव, एकुलता एक मुलगा. ज्या दिनक्रमाचं मी एवढं कौतुक करत होते तो त्यानंतरचा आहे. पुढे जावई गेला तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या करूनही. इतकी बांधीव, तासातासाला लावलेली दिवसाची चौकट कुणाला आणि कशासाठी लागते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. थोरलीला मी एवढंच सांगितलं की माल्कमनं ते लिहिलेलं नाही. तिला ते उत्तर वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यानंतर मी आमचा तक्ता जरा सैल केला. संध्याकाळचे सहा ते नऊ बिनकामाचे. कुणी खाली खेळायला, कुणी पत्ते, कुणी नुसतं लोळत. नऊ ते अकरा माझं मुद्रितशोधनाचं काम. इथं मात्र माझी आणि अहिल्याबाईंची वेळ मिनिटाला जुळते, आणि त्या दोन तासांत जेवढ्या वेलांट्या सुधारून होतात तेवढ्या दिवसा दुप्पट वेळातही होत नाहीत.

सध्या दरबारात एक मोठा खटला चालू आहे. क्रिकेटचा सामना दुपारी असेल त्या दिवशी दरबार भरवू नये, असा धाकट्याचा अर्ज आहे. आधार माल्कमचा: सणवार वगळून. सामना हा सण आहे का, हा वादाचा मुद्दा. सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की आहे, आणि त्या दिवशी गोडाचंही करावं. थोरलीचा विरोध मोडीत दाखल झालाय. तो तिनेच वाचून दाखवला. विरोध सामन्याला नाही, असं निघालं. सण असेल तर अभ्यासालाही सुटी हवी, एवढंच तिचं म्हणणं.

निकाल उद्या दोन वाजता.