पेला धरणारा पोरगा

फडताळ आवरायला काढलं की दुपार गेलीच म्हणून समजा. लोणच्याच्या बरणीखाली कधीकाळी अंथरलेलं कुठल्याशा मासिकाचं रंगीत पान निघालं. फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं १७८७ सालचं चित्र, ‘सॉक्रेटिसचा मृत्यू’. विष पिण्याची शिक्षा झालेला ग्रीक तत्त्वज्ञ तो. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, जवळजवळ दोन मीटर रुंद, माझं वीतभर. तेलाचं कडं नेमकं विषाच्या पेल्याभोवती उमटलेलं.

झालं, तिथेच फतकल मारून बसले.

सत्तरीचा सॉक्रेटिस दाविदनं तालमीतून आल्यासारखा रंगवलाय. एक बोट वर, दुसरा हात पेल्याकडे. पण नजर पेल्यावर नाहीच. बोलण्याच्या नादात आपण चहाच्या कपाला हात घालतो ना, तसा. फरशीवर सुटलेली बेडी. मागे उघडीबोडकी भिंत. बायकोला बिचारीला पार लांब जिन्यावर काढून दिलंय.

जाणकार त्या वरच्या बोटाबद्दल बोलतात. आत्म्याचं अमरत्व वगैरे. माझे डोळे मात्र लाल कपड्यातल्या त्या पोरावर. एका हातानं पेला पुढे केलाय, दुसऱ्यानं स्वतःचे डोळे झाकलेत.

मे महिन्याच्या सुट्टीतला एक रविवार आमच्याकडे एरंडेलाचा असे. सुंठीच्या काढ्यात तेल घालून आजी वाटी काकाच्या हातात द्यायची आणि स्वतः पाटावर बसून शेवटचा थेंब जाईपर्यंत राखण करायची. आम्ही चौघं भावंडं रांगेत. एरवी धपाटा घालायला मागेपुढे न बघणारा काका वाटी पुढे करताना तोंड खिडकीकडे फिरवायचा. “घे गं, घे पटकन.”

आता सॉक्रेटिसच्या शिष्याचं, प्लेटोचं बघा. पलंगाच्या पायथ्याशी सॉक्रेटिसकडे पाठ करून बसलेला म्हातारा तो. प्रत्यक्षात तेव्हा तो जेमतेम तिशीचा, आणि त्यानंच लिहून ठेवल्यानुसार त्या दिवशी बहुधा आजारी, तिथे नव्हताच. दाविदनं त्याला म्हातारा करून आणून बसवलाय. पायाशी दौत, कागद. खोलीतली रडारड त्याच्या पाठीमागे, आठवल्यासारखी.

इथे मी जरा चपापले. नाक दाबून, डोळे गच्च मिटून पीत होते मी ते. मग काकाचं तोंड कुठे होतं ते पाहिलं कुणी?

फोन लावला. काकाला हल्ली ऐकू कमी येतं.

“एरंडेल?” तो ओरडला. “कुणाचं पोट बिघडलंय?”