पप्पांच्या पेटीजवळचा फोटो

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, वसईत पापडीच्या बाजारात भाजी घेताना, जिथे गाठाल तिथे तुम्ही एकच विचारता : "तुझ्या पप्पांनी अख्ख्या गावाचे फोटो काढले आणि त्यांच्याच मयताचा फोटो कसा नाही?" काही जण पुढे हेही ऐकवतात की तो माझ्यामुळे नाही. खरं आहे, मीच नको म्हटलं. दर वेळी "हो, राहिलं खरं" म्हणून मी वाटेला लागते आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते. आता एकदा लिहूनच टाकते.

पप्पा कोण होते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या कपाटातल्या अल्बमांच्या पाठीवर त्यांच्याच स्टुडिओचा शिक्का आहे. गल्फला निघालेल्या तुमच्या काकांचा पासपोर्टचा फोटो त्यांनी काढला, तुमचा प्रथम कम्युनियनचा पांढऱ्या फ्रॉकमधला फोटोही त्यांचाच. धंद्यात हुशार म्हणता, तर होतेच. रंगीत रोल धुवायला लोकलने मुंबईला न्यावे लागायचे तेव्हा ते स्वतः जायचे. पुढे कर्ज काढून मशीन घेतलं आणि डिजिटल आलं तेव्हा ते वेळेत विकलं. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली होती. तोवर आमच्या दुकानात फिल्मचं काम उरलंच नव्हतं.

तुम्हाला दिसलं नसेल ते एवढंच, की रात्रीच्या जपमाळेच्या आधी शटर खाली यायचं. समोरचं दुकान उघडं असो, दारात गिऱ्हाईक उभं असो. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आणि नाताळआधीच्या आगमनकाळात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. बाकीचे फोटोग्राफर त्या दिवसांत दुसरीकडच्या ऑर्डरी घ्यायचे. पप्पा घरी असायचे. आमच्या वह्यांना कव्हरं घालायचे, मम्मीला वाडीत केळी उतरवायला मदत करायचे, डार्करूमच्या ट्रे घासून उन्हात ठेवायचे. घराच्या वाट्याचे दिवस त्यांनी कुणाला विकले नाहीत.

मयताच्या फोटोंना मात्र ते कधीही जायचे, अगदी जेवणावरून उठूनसुद्धा. मी त्यांच्याबरोबर फ्लॅश धरायला जायची, म्हणून ते काम मला ठाऊक आहे. आधी चपला काढायच्या. शवपेटीच्या डोक्याकडच्या बाजूखाली पाट सरकवायचा, म्हणजे चेहरा वर येतो आणि फुलांत बुडत नाही. नवरा किंवा बायको डोक्याशी, मुलं दोन्ही अंगांना, नातवंडं पुढे. रडणाऱ्याला थांब म्हणायचं नाही, थोडा वेळ आपणच थांबायचं. पैशाचं मयताला महिना झाल्यावरच्या मिस्सेपर्यंत बोलायचं नाही. एक प्रत जास्त काढायची, कारण कुणाचा तरी मुलगा कुवेतला किंवा बोटीवर असतो आणि त्याच्या वाट्याला तेवढंच येतं.

आता मम्मीचं. मी तेव्हा कॉलेजात होते, भाऊ शाळेत.

मम्मीची पेटी अंगणात ठेवली होती आणि पप्पा आतून यशिका घेऊन आले. तो दोन भिंगांचा कॅमेरा होता. छातीशी धरून, वरून वाकून त्याच्या काचेत बघावं लागतं आणि काचेवर उजव्याचं डावं दिसतं. त्यांच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, मी घेतो, तुम्ही उभे राहा." पप्पांनी मान हलवली. स्वतः पाट सरकवला. आत्यांना मागे केलं, भावाला पुढे घेतलं आणि मला म्हणाले, "बाळा, मान वर." इतरांना सांगायचे त्याच आवाजात. मी मान वर केली. मग ते कॅमेऱ्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कुणीतरी खोकलं. शटरचा आवाज आला. त्यांनी रोल फिरवला आणि पुन्हा वाकले.

तो फोटो सुरेख आहे. मम्मीच्या नाकाखाली सावली नाही, क्रूस धरलेली बोटं एकेक मोजता येतात. आम्ही सगळे सरळ भिंगात बघतोय. तिच्याकडे कुणीच बघत नाहीये. डोक्याकडची जागा, जी पप्पा दर घरी जोडीदाराला द्यायचे, तिथे आजी उभी आहे. पप्पा फोटोत कुठेच नाहीत.

मी कित्येक वर्षं त्यांच्यावर रागावले होते. मला वाटायचं, बायको गेली त्या दिवशीही हा माणूस फोटोग्राफरच राहिला. पुढे मी स्वतः स्टुडिओत बसू लागले, त्याच यशिकात वाकून बघू लागले, तेव्हा लक्षात आलं की वाकलेल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही. काचेभोवती झाकण उभं असतं, आत अंधार असतो. भरल्या अंगणात त्यांना रडायला तेवढीच जागा होती, असं मी स्वतःला समजावलं. पण कॉलेजातली ती मुलगी अजून ऐकत नाही. ती म्हणते, ठीक आहे, त्यांना जागा मिळाली. त्या वेळी भावाचा हात कुणी धरला होता? फोटोत बघ, त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत. यावर मला आजही बोलता येत नाही.

ते गेले तेव्हा हे सगळं माझ्या पोटात होतं. तुम्ही अंगणात होतात, तुम्हाला फक्त माझा आवाज चढलेला ऐकू आला. पप्पांच्या हाताखाली शिकलेला तोच मुलगा, आता त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे, गळ्यात कॅमेरा घालून आला. त्याने चपला काढल्या, पाट मागवला, पेटीखाली सरकवला. अगदी पप्पांसारखं, एकही गोष्ट न चुकवता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही डोक्याकडे या. मान थोडी वर."

मी म्हटलं, "पाट काढ."

त्याला वाटलं पाट नीट बसला नाही. मी पुन्हा सांगितलं, फोटो नकोत. मामा संतापले. भाऊ बोटीवर आहे, त्याला काय दाखवणार, हे त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. फादर पायरीवर थांबले होते. त्या मुलाने मात्र हुज्जत घातली नाही. वाकून पाट काढला, पेटी अलगद टेकवली, कॅमेरा कुणाच्या तरी हाती दिला आणि खांदा द्यायला येऊन उभा राहिला. तुमच्यापैकी जे म्हणतात की मी त्याचा अपमान केला, त्यांनी एकदा त्यालाच विचारावं. त्याने मला आजवर एका शब्दाने दुखवलेलं नाही.

मला त्या वेळी भिंगाकडे बघायचं नव्हतं. पप्पांकडे बघायचं होतं आणि मी बघितलं. उजव्या अंगठ्यावर, केमिकलने भाजल्याचा तपकिरी वण अजून होता. डार्करूम बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तो वण नखाच्या कडेला तसाच होता. फोटोला उभी राहिले असते तर मला तो दिसलाच नसता. माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. ते पुरेसं नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटू दे.

तुम्ही म्हणाल, पप्पांना काय आवडलं असतं? जन्मभर ज्याने परक्यांच्या मुलांसाठी जादा प्रत काढली, त्याने स्वतःच्या मुलासाठी ती काढायला लावली असती, हे मलाही कळतं. त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं, करा असंही सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनातलं मी ओळखलं असा दावा मी करत नाही. मी माझ्या मनातलं केलं.

भाऊ महिन्याच्या मिस्सेला पोचला. त्याने दफनभूमीतली माती बघितली, क्रूसावरचं नाव बघितलं, घरी येऊन मम्मीचा तो फोटो काढून बसला. म्हणाला, यात निदान मी आहे. त्याचं म्हणणं, बोटीवर असलेल्यालाही वडिलांचा चेहरा बघायचा हक्क असतो आणि तो मी एकटीने ठरवायचा नव्हता. माझं म्हणणं, पेटीशी उभी मी होते. दर नाताळला हा विषय निघतो, आवाज चढतात, भावजय मुलांना घेऊन बाहेर जाते. त्याने विचारलं की मला ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही मात्र आता विचारू नका.